मेश फाइल कॅडमध्ये आणल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅन करून घेतलेल्या, नेटवरून उतरवलेल्या किंवा गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मेश फाइलींवरून रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण भागातले वर्कशॉपवाले, मूर्तिकार, सर्व्हेअर आणि डिप्लोमाची मुलं पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मेश म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने दाखवलेला वस्तूचा पृष्ठभाग, आणि कॅड म्हणजे मापाने आराखडा काढायचं सॉफ्टवेअर. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकाच गोष्टीची दोनदा उजळणी टाळण्यासाठी जागोजागी त्या क्रमांकांचा हवाला दिला आहे.

१. एसटीएल फाइल उघडली. वस्तू व्यवस्थित दिसते, पण भोकाचा व्यास बदलायला गेलं तर भोक निवडताच येत नाही. फाइल खराब आहे का?

फाइल ठणठणीत आहे. तिच्यात भोक नाही, एवढंच. एसटीएल हा मेश फाइलचा प्रकार १९८७ साली थ्रीडी सिस्टम्स या कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी (थरावर थर रचून वस्तू बनवणाऱ्या) यंत्रांसाठी निघाला. थर कापायला त्या यंत्राला फक्त पृष्ठभाग लागायचा, म्हणून फाइलमध्ये नुसते त्रिकोण असतात: प्रत्येकाचे तीन कोपरे आणि त्याची बाहेरची बाजू कोणती हे सांगणारी एक दिशा. वर्तुळ, अक्ष, व्यास, फिलेट (कडेची गोलाई) यांतलं काहीच त्यात लिहिलेलं नसतं. तुम्हाला जे भोक दिसतं, ते गोलाकार उभ्या केलेल्या अरुंद त्रिकोणांचं कडं आहे.

कॅडच्या सॉलिडमध्ये, म्हणजे भरीव मॉडेलमध्ये, ‘हा सिलिंडर, हा त्याचा अक्ष, ही त्रिज्या’ अशी नोंद असते, म्हणून २० चे २२ करता येतात. जांभ्याची भिंत बघून चिरे मोजता येतात, घराचा नकाशा मिळत नाही. मेशचं तसंच आहे. पृष्ठभाग कुठे आहे ते मेश सांगते, तो तसा का आहे ते सांगत नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. मग ‘कन्व्हर्ट टू सॉलिड’ केलं की काम झालं ना?

नाव सॉलिडचं मिळतं, काम होत नाही. फ्रीकॅडमध्ये पार्ट वर्कबेंचवर ‘क्रिएट शेप फ्रॉम मेश’ आणि मग ‘कन्व्हर्ट टू सॉलिड’ केलं, की प्रत्येक त्रिकोणाची एक सपाट फेस (तोंड) होते. ऐंशी हजार त्रिकोण असतील तर ऐंशी हजार फेस. संगणक तिथेच धापा टाकतो, आणि एवढं करून भोक अजून त्रिकोणांचंच राहतं. कडेला फिलेट द्यायला गेलात तर सलग कड सापडत नाही, शेकडो तुकडे सापडतात. स्टेप फाइल (सॉलिड एका कॅडमधून दुसऱ्यात न्यायचा प्रकार) काढलीत तर मूळ एसटीएलच्या कैकपट मोठी होते.

हा मार्ग चालतो तो चौकोनी, सपाट तोंडाच्या भागांना: ब्रॅकेट, बेसप्लेट, पेट्यांची झाकणं. तिथे सॉलिड केल्यावर ‘रिफाइन शेप’ चालवा. एकाच पातळीतले त्रिकोण जुळून एक फेस होते आणि भाग खरोखर वापरता येतो. गोल भाग मात्र यातून परत येत नाहीत. काही महागड्या पॅकेजांत सिलिंडर आणि प्रतलं ओळखून देणारी रूपांतरं आहेत. कॅडमधूनच निघालेल्या स्वच्छ मेशवर ती बरी चालतात, पण स्कॅनच्या खडबडीत मेशवर त्यांच्या भरवशावर कोटेशन देऊ नये.

माझं मत सरळ आहे. भाग यांत्रिक असेल, मापांची संख्या पन्नासच्या आत असेल, तर मेश खाली संदर्भाला ठेवून वर नवीन स्केच काढा. दुरुस्तीत दुपार घालवण्यापेक्षा हे लवकर उरकतं.

३. भाग आणला तर मुंगीएवढा आला. दुसरा आणला तर डोंगराएवढा. काय चुकतंय?

एकक. एसटीएलमध्ये नुसते आकडे असतात. ते मिलिमीटर की इंच हे लिहायला जागाच नाही. ओबीजे या दुसऱ्या मेश प्रकाराचीही तीच गत. भाग २५.४ पट लहान आला तर पाठवणाऱ्याने इंचात काम केलंय, हजारपट लहान आला तर मीटरमध्ये. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलींत हा दुसरा प्रकार हमखास भेटतो.

उपाय: प्रत्यक्ष वस्तूवर कॅलिपरने एक मोठं माप घ्या, तेच मेशवर मोजा आणि भागाकार करा. उत्तर २५.४ किंवा १००० च्या अगदी जवळ आलं तर प्रश्न मिटला. १.०३ असलं काही आलं तर तो एककाचा घोळ नाही. स्कॅनरचं कॅलिब्रेशन तरी बिघडलंय किंवा वस्तूच दुसरी आहे. अशा वेळी १.०३ ने भागून पुढे जाऊ नका, स्कॅन परत मागा. स्केल नेहमी सगळ्यात आधी दुरुस्त करावी. स्केचेस काढून झाल्यावर केली की सगळं सरकतं. थ्रीएमएफ प्रकारात एकक लिहिलेलं असतं, मिळाली तर ती फाइल घ्या.

४. गिऱ्हाइकाकडे नेमकं काय मागायचं?

आधी विचारा की मेश आली कुठून. ती कॅडमधून निघाली असेल तर मूळ फाइल किंवा स्टेप अस्तित्वात आहे आणि ती मिळाली तर या पानावरचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. ‘आमच्याकडे एवढीच आहे’ हे उत्तर पहिल्यांदा खरं मानू नये. बऱ्याचदा प्रिंटिंगवाल्याला पाठवलेली फाइल तेवढी हाताशी असते. स्कॅन असेल तर प्रत्यक्ष भागही मागा, किमान बोअर (शाफ्ट किंवा बेअरिंग बसायचं भोक), कीवे (चावीची खाच) आणि बोल्टच्या भोकांमधली अंतरं लिहून मागा. आणि भाग पुढे कशासाठी हवा ते विचारा: प्रिंट, लेथ, कास्टिंग की नुसतं चित्र. पद्धत त्यावर ठरते.

५. मेशमध्ये बोअर ४० मिमी मोजला होता, तरी ६२०३ बेअरिंग बसेना. असं कसं?

बोअर कोपऱ्याकोपऱ्यात मोजला असणार. मेशमधलं वर्तुळ खरं तर बहुभुज असतं. त्याचे कोपरे बरोबर वर्तुळावर असतात, पण दोन कोपऱ्यांमधली सरळ बाजू आत घुसते. किती घुसते ते त्रिज्या × (१ − कोसाइन(१८० ÷ बाजू)) या सूत्राने निघतं. २० मिमी त्रिज्येला ३६ बाजू असतील तर ०.०७६ मिमी. म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये ३९.८५ मिमीच उरतात आणि ६२०३ चा बाहेरचा व्यास पूर्ण ४० आहे. बाजू ७२ केल्या तर चूक एका बाजूला ०.०१९ वर येते. बाजू दुप्पट केल्या की चूक साधारण चौथाई होते, हे लक्षात ठेवायला सोपं.

शाफ्टवर हीच चूक उलटी वागते: शाफ्ट बारीक होतो, सैल बसतो. म्हणून फिटिंगची जागा मेशवरून कधीच उचलू नये. बोअर आणि शाफ्ट मायक्रोमीटरने मोजून, टॉलरन्ससकट (चालणाऱ्या फरकासकट) नव्याने काढावेत. फाइल तुम्हीच प्रिंटसाठी बाहेर पाठवत असाल तर एक्स्पोर्ट करताना विचलन (मेश आणि खरा आकार यांतला फरक) ०.०१ मिमीपर्यंत खाली आणा.

६. ‘मेश वॉटरटाइट नाही’ म्हणजे काय? होडीचा भाग नाहीये हो, साधं कव्हर आहे.

पाण्याशी संबंध नाही. मेश बंद असली तर प्रत्येक कड बरोबर दोन त्रिकोणांची असते. एखादी कड एकाच त्रिकोणाची असेल तर तिथे फट आहे. तीन किंवा जास्त त्रिकोणांची असेल तर आत नको असलेली भिंत चिकटली आहे. दोन्हीत सॉफ्टवेअरला आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं हे ठरवता येत नाही, आणि मग ते सॉलिड करायला नकार देतं.

एक चटकन होणारी तपासणी: त्रिकोणांची एकूण संख्या बघा. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कडा आणि प्रत्येक कड दोघांची, म्हणजे बंद मेशमध्ये त्रिकोण समच असले पाहिजेत. संख्या विषम असेल तर कुठेतरी गडबड नक्की आहे. सम असेल म्हणून मेश चांगली, असं मात्र नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी एकाच जागचे कोपरे जोडा, कारण एसटीएल प्रत्येक त्रिकोणाचे कोपरे वेगळे लिहिते. मग दुहेरी आणि शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण काढा. त्यानंतर उलट्या दिशा सरळ करा आणि भोकं शेवटी बुजवा. बरेच जण भोकांपासून सुरुवात करतात आणि न जुळलेल्या कोपऱ्यांच्या फटी खरी भोकं समजून बुजवत बसतात. कोपरे जोडण्याचं अंतर अति मोठं ठेवलं तर पंख्याच्या पात्यासारख्या पातळ भागाच्या दोन बाजूच एकमेकींना चिकटतात, तेव्हा जाडीच्या दहाव्या भागापेक्षा कमीच ठेवा. फ्रीकॅडच्या मेश वर्कबेंचमधलं तपासणी-दुरुस्तीचं खातं आणि मेशलॅब, दोन्ही फुकट आहेत आणि पुरतात.

७. स्कॅन दहा लाख त्रिकोणांचा आहे, लॅपटॉप अडकतो. किती कमी करू?

बायनरी एसटीएलमध्ये सुरुवातीला ८४ बाइट आणि मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात. म्हणजे दहा लाखांची फाइल साधारण ५० एमबीची. संदर्भाला ठेवायला पन्नास हजार ते एक लाख त्रिकोण बहुधा पुरतात. सरसकट टक्केवारी देऊन कापू नका. जास्तीत जास्त किती चूक चालेल ती मर्यादा देता येते का बघा, म्हणजे सपाट जागचे त्रिकोण जातात आणि वळणावरचे राहतात. मूळ फाइल जपून ठेवा, शेवटी ताडून बघायला तीच लागते (प्रश्न ११).

८. ब्लेंडरमध्ये गुळगुळीत दिसतं, कॅडमध्ये आणलं की पैलू दिसतात.

ब्लेंडरमधला गुळगुळीतपणा हा प्रकाशाचा खेळ होता. ‘शेड स्मूद’ने रंगछटा बदलते, आकार नाही. खरोखर त्रिकोण वाढवायचे असतील तर सबडिव्हिजन (प्रत्येक तुकड्याचे आणखी तुकडे करणारं साधन) लावून मग एक्स्पोर्ट करा. त्याने धारदार कडा गोल होतात, हेही बघून घ्या.

९. दादा, मला फक्त एक भोक पाडायचंय. त्यासाठी पण सगळं नव्याने काढायचं?

नाही. हा खरा अपवाद. प्रिंटला जाणारी वस्तू असेल आणि तिच्यात एखादं भोक, खाच किंवा नाव घालायचं असेल, तर उलटं करा: मेशचं सॉलिड न करता कॅडमधल्या सिलिंडरची बारीक मेश करा आणि मेश-मेश वजाबाकी करा. ब्लेंडरचं बूलियन हे सहज करतं. दोन्ही मेश बंद असल्या पाहिजेत (प्रश्न ६), आणि सिलिंडर दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर काढा. तोंडाला तोंड अचूक जुळलं की वजाबाकी गडबडते.

१०. स्कॅनमध्ये आटे आलेत. ते कसे वापरू?

वापरू नका. आट्यांच्या जागी साधा सिलिंडर काढा आणि ड्रॉइंगवर एम१२ × १.७५ असं काय असेल ते लिहा. पिच गेजने (आट्यांमधलं अंतर ओळखायच्या पट्ट्यांनी) ओळखा, स्कॅनवरून नको. आट्याच्या तळापर्यंत स्कॅनरची नजर पोचत नाही.

११. ट्रॉलरचा पंखा स्कॅन केलाय. नवीन बनवायला फाइल करून द्याल का? सरळ कन्व्हर्ट का होत नाही?

मिरकरवाडा, हर्णे, मालवण, सगळीकडून हाच प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पंखा उतरवून आणलेला असतो तेव्हा तो नवा नसतो. टोकं झिजलेली असतात, एखादं पातं खडकाला लागून वाकलेलं असतं, मागच्या बाजूला कॅव्हिटेशनने (पाण्यातले बुडबुडे फुटून) खड्डे पडलेले असतात, मुळाशी शिंपल्यांचा थर असतो. स्कॅनर हे सगळं इमानेइतबारे टिपतो. तशीच फाइल सीएनसीला दिली तर तुम्ही झीज विकत घेताय. शिवाय चकचकीत पितळी धातूवर स्कॅनरचा प्रकाश उडतो आणि मेशला नसलेल्या उंचवट्यांची पुरळ येते. स्कॅनपूर्वी पंखा घासून मॅट स्प्रे मारणं गरजेचं असतं.

काम करायचं ते असं. पहिल्यांदा मेश सरळ बसवा: बोअरचा अक्ष झेड अक्षावर. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. हबचा बाहेरचा आकार मेशवरून घ्या, पण बोअरचा टेपर आणि कीवे हाताने मोजा, कारण फिटिंग तिथे आहे. मग सगळ्यांत कमी इजा झालेलं एकच पातं निवडा. त्रिज्येच्या ०.३ पटीपासून ०.९ पटीपर्यंत ठरावीक अंतरावर सिलिंडरने छेद घ्या आणि प्रत्येक छेदावर पात्याचा कोन नि जाडी मोजा. सपाट प्रतलाने छेद घेतला तर आकार फसवा येतो. पाणी पात्यावरून गोलाकार वाहतं.

कोनावरून पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर) निघतो: २ × पाय × त्रिज्या × टॅन(कोन). ६०० मिमी व्यासाच्या पंख्यावर ०.७ पटीला, म्हणजे २१० मिमी त्रिज्येला, कोन २१ अंश आला तर पिच सुमारे ५०६ मिमी. बाजारात पिच इंचात सांगतात आणि २० इंच म्हणजे ५०८ मिमी, म्हणजे हा २० इंचीच पंखा. इथे ५०६ लिहून मोकळं व्हायचं नाही. बनवणाऱ्याने २० इंच धरले होते हे ओळखणं, हेच यातलं खरं काम. हबवर बऱ्याचदा व्यास आणि पिच कोरलेला असतो. जेट वॉश मारून आधी तो वाचा.

छेदांमधून लॉफ्ट करा (छेद जोडून सलग आकार काढा), पात्याच्या मुळाला फिलेट द्या आणि तेच पातं अक्षाभोवती तीनदा किंवा चारदा फिरवा. चारही पाती स्वतंत्र काढायची नाहीत. स्कॅनमध्ये ती एकसारखी नसतात आणि तसाच पंखा ओतला तर बोट थरथरते. पंखा उजवा की डावा हे तांडेलाला विचारून खात्री करा, कारण काही स्कॅन फाइली आरशासारख्या उलट्या झालेल्या येतात. शेवटी नवं सॉलिड मूळ मेशवर ठेवून विचलनाचा रंगीत नकाशा काढा. झिजलेल्या टोकांवर फरक दिसलाच पाहिजे. सगळीकडे शून्य दिसत असेल तर तुम्ही झीजसुद्धा उतरवली आहे.

१२. काजू सोलायच्या मशीनचा तुटलेला कास्टिंग भाग आहे. स्कॅनवरून पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवून कोल्हापूरला ओतायला पाठवू?

पाठवा, पण आकुंचन धरून. स्कॅन झालेला भाग एकदा ओतून आकसलेला आहे; त्याच मापाचा पॅटर्न केला तर नवा भाग आणखी आकसेल. करड्या बिडाला सुमारे १ टक्का, अॅल्युमिनियमला सुमारे १.३ टक्के वाढ देतात. फाउंड्रीवाला स्वतःचा आकडा सांगेल, तोच घ्या. आणि मशीनिंग झालेल्या तोंडांवर तासायला माल वाढवा; स्कॅनमध्ये तो तासून गेलेला आहे. तुटलेले दोन तुकडे वेगवेगळे स्कॅन करून संगणकात जोडण्यापेक्षा तुकडे घट्ट बांधून एकदाच स्कॅन करणं बरं.

१३. पेणच्या मूर्तीचा स्कॅन आहे. सॉलिडमध्ये आणून लहान-मोठे साचे करायचेत.

मूर्तीला सॉलिडची गरज नाही. सोंड, पितांबराच्या चुण्या, दागिने यांना त्रिज्या नि अक्ष नसतात, तेव्हा कॅडमध्ये आणून हातात काही पडत नाही. मेश लहान-मोठी करा, साच्याचा ठोकळा काढा आणि प्रश्न ९ प्रमाणे वजा करा. लक्ष द्यायचं ते अडणाऱ्या जागांवर: सोंडेच्या आतली बाजू, कानामागे, हाताखाली. तिथे साचा दोन भागांत सुटत नाही, तिसरा तुकडा लागतो किंवा रबरी साचा लागतो. हे जुन्या कारागिराला बोटाने दाखवता येतं, त्याला बोलावून स्क्रीनसमोर बसवा. मूर्ती लहान करताना दागिन्यांची जाडीही त्याच प्रमाणात घटते, हे विसरू नका.

बैठकीला कॅडमधला भाग जोडायचाच असेल, तर मेशचे आधी चौकोन करून, मग सबडी (चौकोनांवरून काढलेला गुळगुळीत पृष्ठभाग) आणि त्यातून नर्ब्स (कॅडला चालणारे वक्र पृष्ठभाग) हा मार्ग आहे. ऱ्हायनो या कॅडमध्ये आवृत्ती ७ पासून त्यासाठी क्वाडरिमेश आहे. बारीक कोरीव काम त्यात थोडं बोथट होतं.

१४. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे आकार सीएनसी राउटरवर कोरायचे आहेत. स्टेप लागेल का?

नाही. बहुतेक कॅम सॉफ्टवेअरं (यंत्राला सूचना देणारी) मेशवरूनच टूलपाथ, म्हणजे टूलचा मार्ग, काढतात. त्रिकोणांचे पैलू लाकडावर उमटू नयेत म्हणून विचलन टूलच्या स्टेपओव्हरच्या (लगतच्या दोन फेऱ्यांमधल्या अंतराच्या) खुणांपेक्षा कमी ठेवा. चितार आळीतल्या लेथवरच्या गोल वस्तूंना तर मेशही नको. अर्धा बाह्याकार काढून फिरवला की झालं.

१५. स्टेप मागितली, स्टेपच आली, तरी आत त्रिकोणच! हे कसं शक्य आहे?

दोन कारणं. पहिलं आणि नेहमीचं: कुणीतरी प्रश्न २ मधलं रूपांतर करून ते स्टेप म्हणून सेव्ह केलंय. दुसरं कमी माहीत असलेलं: स्टेपच्या एपी२४२ या आवृत्तीत त्रिकोणी जाळीही ठेवायची सोय आहे, त्यामुळे फाइल नियमानुसार स्टेप असूनही मेशच असू शकते. पैसे देण्याआधी एकच करा. भोकाच्या भिंतीवर क्लिक करा. अख्खा सिलिंडर उजळला आणि व्यास दिसला तर माल खरा, बारीक पट्टी उजळली तर परत पाठवा.

१६. चिरेखाणीचा ड्रोन सर्व्हे एसटीएलमध्ये आणला तर जमिनीला पायऱ्या पडल्यासारखं दिसतं, आणि तेही उत्तर-दक्षिण दिशेलाच. खाणीतल्या खऱ्या पायऱ्या नाहीत या.

निरीक्षण अचूक आहे आणि कारण गणिती आहे. सर्व्हे यूटीएमच्या (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर पट्ट्यात असतो. रत्नागिरीजवळ उत्तरेचा आकडा साधारण १८ लाख ८० हजार मीटर, पूर्वेचा तीन-सव्वातीन लाख. बायनरी एसटीएल आकडे ३२ बिटांत ठेवते. त्यात १०,४८,५७६ ते २०,९७,१५२ या टप्प्यात लगतच्या दोन आकड्यांमधलं अंतर ०.१२५ मीटर असतं. म्हणजे उत्तरेकडचा प्रत्येक बिंदू साडेबारा सेंटिमीटरच्या खाचेत ढकलला जातो. पूर्वेच्या आकड्याला हीच खाच तीन सेंटिमीटरची पडते, म्हणून तिकडे डोळ्याला जाणवत नाही. मिलिमीटरमध्ये बदलून उपयोग नाही, चूक तशीच मोठी होते. मजकुरी एसटीएलमध्ये जास्त अंक लिहिता येतात, पण वाचणारं सॉफ्टवेअर बहुधा ते परत ३२ बिटांतच घेतं.

उपाय: एसटीएल लिहिण्यापूर्वीच खाणीच्या कोपऱ्यातला एक बिंदू शून्य धरून सगळ्यांतून वजा करा आणि वजा केलेले आकडे फाइलच्या नावातच लिहून ठेवा. क्लाउडकंपेअर हे सॉफ्टवेअर अशी फाइल उघडताना स्वतःहून सरकवायचं का विचारतं. तिथे ‘नाही’ म्हणू नका. एकदा पायऱ्या पडलेल्या फाइलीतून मूळ बिंदू परत मिळत नाहीत. सर्व्हेअरकडून पॉइंट क्लाउड (मोजलेल्या बिंदूंची फाइल) किंवा लँडएक्सएमएल (सर्व्हेची फाइल) पुन्हा घ्यावी लागते.

आणि नुसतं किती ब्रास माल निघाला एवढंच हवं असेल तर सॉलिडच्या नादी लागू नका. आधीच्या आणि नंतरच्या पृष्ठभागांतली वजाबाकी पुरे. फक्त चिऱ्यांच्या कापाच्या भिंती उभ्या असतात, आणि एका जागी एकच उंची ठेवणाऱ्या ग्रिडमध्ये त्या तिरक्या होतात. ग्रिड लहान घ्या, १० सेंटिमीटरच्या आसपास, नाहीतर प्रत्येक भिंतीपाशी आकडा थोडा थोडा घसरतो.